तलावाखालचे शिवार

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता माझ्या भाच्याचे पत्र आले. पत्र म्हणायचे ते सवयीने. मोबाईलवर आलेला लांबलचक मजकूर आणि पाठोपाठ वीस-बावीस छायाचित्रे. तो अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात शिकतो. त्याच्या विद्यापीठाच्या आसपास अकरा तलाव आहेत. लांब, अरुंद, उत्तर-दक्षिण पसरलेले. नकाशावर पाहिले तर कुणीतरी ओल्या मातीत हाताची बोटे रुतवून ओढावीत तसे दिसतात, म्हणून त्यांना 'बोटांचे तलाव' असेच म्हणतात. हजारो वर्षांपूर्वी या प्रदेशावर बर्फाचे अजस्र थर होते. ते पुढे सरकले, मागे हटले, पुन्हा पुढे आले आणि या घसरणीत त्यांनी जुन्या नद्यांच्या दऱ्या खरवडून खोल केल्या. बर्फ वितळला, दऱ्यांत पाणी साचले. त्यांतला सेनेका नावाचा तलाव १८० मीटरांहूनही खोल आहे. भाचा दर शनिवारी सायकल घेऊन या तलावांच्या काठच्या टेकड्या चढतो-उतरतो. शेवटी त्याने लिहिले होते, "मामा, ही तळी देवाने स्वतः खोदलेली आहेत. इथे पाणी पाहताना मनाला कसलीच टोचणी लागत नाही."

त्या शेवटच्या वाक्याने मी थबकलो. टोचणी लागत नाही, हे त्याला मुद्दाम सांगावेसे का वाटले असेल? मग आठवले. तो अकरा-बारा वर्षांचा असताना मी त्याला लोणावळ्याला नेले होते. वळवणचा तलाव पाहून तो हरखला, तेव्हा मी माझ्या मास्तरकीच्या सवयीने त्याला सांगितले होते की हा तलाव नव्हे, हे धरण आहे आणि याच्या तळाशी कुणाची तरी शेते असतील. पोराचा आनंद मी त्या दिवशी नासवला. तो ते विसरला नव्हता.

मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे. गेली सहा वर्षे सायकल चालवतो. डॉक्टरांच्या सांगण्यावरून सुरू केली आणि नंतर तिची गोडी लागली. भाच्याचे पत्र वाचून मनात काहीसा हेवा, काहीशी खुमखुमी दाटून आली. दिवाळीनंतरच्या आठवड्यात तीन दिवसांची सवड काढली आणि ठरवले, आपणही आपल्या तलावांच्या डोंगराळ मुलुखातून एक फेरा मारावा. तळोज्याहून पनवेल, चौक, खोपोली. घाट चढून लोणावळा. तिथून मुळशीच्या तलावापर्यंत. आणि ताम्हिणी घाटाने उतरून कोलाड, पेण, पनवेल, घर.

निघण्याच्या आदल्या रात्री आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी एक कागद घेऊन आले. आवाराच्या कडेला एक जुने जांभळाचे झाड आहे. जूनमध्ये त्याच्या फळांनी गाड्यांची टपे जांभळी होतात, शिवाय तिथे चार गाड्यांची जागा निघू शकते. झाड काढण्याची परवानगी मागणारा अर्ज होता. मी चष्मा न लावताच सही केली. माझी स्वतःची गाडी नाही, तरीही केली. सेक्रेटरी सज्जन गृहस्थ आहेत आणि रात्रीचे दहा वाजले होते.

पहाटे निघालो. आमच्या वसाहतीपासून थोड्याच अंतरावर तळोजा कारागृहाची उंच भिंत आहे. रोज दिसणाऱ्या गोष्टींकडे माणूस पाहीनासा होतो. पण त्या भिंतीपाशी आले की माझा पाय पेडलवर आपोआप मंदावतो. फादर स्टॅन स्वामी या येशूसंघीय धर्मगुरूंना ऑक्टोबर २०२० मध्ये, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, येथे आणण्यात आले. कंपवातामुळे त्यांना हातात पेला धरता येत नसे. ५ जुलै २०२१ रोजी, आरोपांची सुनावणी सुरू होण्यापूर्वीच, वांद्र्याच्या इस्पितळात त्यांचे निधन झाले. झारखंडमधील आदिवासींच्या जमिनीचा आणि विस्थापनाचा प्रश्न हे त्यांचे आयुष्यभराचे काम होते. त्या पहाटे मी तलाव पाहायला निघालो होतो. विस्थापनाचा विचार माझ्या मनात नव्हता. तो पुढच्या रस्त्याने माझ्या मनात घातला.

खोपोलीपर्यंतचा रस्ता सपाट आणि कंटाळवाणा आहे. ट्रकांच्या धुळीशिवाय त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. खोपोली सोडली की मात्र सह्याद्री अंगावर येतो. पाचशे मीटरांहून अधिक चढ थोडक्या अंतरात चढायचा असतो. मोटारीतून जाणाऱ्याला घाट दिसतो. सायकलवाल्याला तो मांड्यांत आणि छातीत कळतो. प्रत्येक वळणावर गिअर उतरवावा लागतो, आणि सगळे गिअर संपले की उरतो तो फक्त आपला दम. वाटेत शिंगरोबाचे देऊळ लागते. इंग्रजांना बोरघाटातून वाट सापडेना तेव्हा शिंगरोबा नावाच्या धनगराने आपल्या मेंढ्यांची वाट त्यांना दाखवली, आणि बक्षीस काय हवे असे विचारताच त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले म्हणून त्याला गोळी घालण्यात आली, अशी लोककथा आहे. इतिहासाच्या कसोटीवर ती कितपत उतरेल ते असो. ट्रकचालक मात्र आजही तिथे नाणे टाकून पुढे जातात. वाट दाखवणाऱ्याचे आपण काही देणे लागतो, ही जाणीव त्या नाण्यात असावी.

देवळापाशी दम खाताना डोंगरउतारावरून खाली खोपोलीकडे जाणारे भले थोरले नळ आठवले. वर लोणावळ्याच्या पठारावर अडवलेले पाणी त्यांतून खाली झेपावते आणि त्या वेगावर विजेची चक्रे फिरतात. टाटांचे खोपोलीचे वीजगृह १९१५ साली सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ साली आणि भिऱ्याचे १९२७ साली. या तिन्हींसाठी सह्याद्रीच्या माथ्यावर एकामागून एक तलाव बांधले गेले: लोणावळा, वळवण, शिरोता, ठोकरवाडी, मुळशी. या योजनेतली बुद्धीची झेप थक्क करणारी आहे. मावळातल्या नद्या स्वभावतः पूर्वेकडे वाहतात. मुळेचे पाणी भीमेतून कृष्णेला आणि तिथून बंगालच्या उपसागराला मिळते. अभियंत्यांनी त्या पाण्याला डोंगराच्या कड्यावरच अडवले आणि पाठ फिरवायला लावून पश्चिमेच्या कोकणात उतरवले.

म्हणजे आपल्याकडचा हा तलावांचा मुलूख बर्फाने घडवलेला नाही. सह्याद्री तर अग्नीचे लेकरू. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हारस थरावर थर वाहत आला आणि निवाला. त्या काळ्या पायऱ्या आज प्रत्येक कड्यावर मोजता येतात. बर्फाच्या खुणा महाराष्ट्रात पाहायच्या तर चंद्रपूर जिल्ह्यात जावे लागते. तिथे इरई गावाजवळ पैनगंगेच्या पात्रातील खडकावर सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीच्या हिमनद्यांनी ओढलेले ओरखडे आहेत. आपल्या विदर्भाच्या उन्हात हिमनदीची सही असावी, ही मला मोठी गमतीची गोष्ट वाटते. पण त्या हिमनद्यांनी आपल्यासाठी एकही तळे राखले नाही. जे तलाव आहेत ते माणसाने केलेले. बर्फ दरी खोदतो तेव्हा त्याला कुणाची परवानगी घ्यावी लागत नाही आणि कुणाचा तळतळाटही लागत नाही, कारण त्याला इच्छा नसते. माणूस दरी भरतो तेव्हा त्याने ठरवलेले असते.

दुसऱ्या दिवशी लोणावळ्याहून निघून आंबवणे, भांबर्डे या वाटेने दक्षिणेकडे गेलो. हा रस्ता चढ-उतारांचा आहे. एक टेकडी संपली म्हणावे तर दुसरी उभी. तैलबैलाची जुळी भिंत डोक्यावर घेऊन रस्ता वळतो. सोनकीची पिवळी फुले वाळू लागली होती, भात कापून पडले होते आणि हवेत त्याचा गोड वास होता. दुपारी उशिरा मुळशीच्या तलावाचे पश्चिमेकडचे टोक दिसले. वाचकहो, खरे सांगतो, मी सायकल आडवी टाकली आणि रस्त्याच्या कडेला बसून राहिलो. डोंगरांच्या बोटांमध्ये शिरलेले निळे पाणी, त्यात उतरलेले ढग, पलीकडच्या काठावर धुराची एक रेघ. भाच्याच्या बावीस छायाचित्रांत यापेक्षा सुंदर काही नव्हते. त्या क्षणी मला कसलीही टोचणी लागली नाही. ती अर्ध्या तासाने लागली.

मुळशीचे धरण नीला आणि मुळा यांच्या संगमावर आहे. ते होण्यापूर्वी या खोऱ्यात आंबेमोहर भात पिके. धरणाचे काम सुरू झाले तेव्हा ५२ गावांतील सुमारे अकरा हजार माणसांच्या घराजमिनींचा प्रश्न होता. सरकार परके, कंपनी देशी. कायद्याने जमीन संपादन करून कंपनीला देण्यात आली. १९२१ च्या रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. विनायकराव भुस्कुटे यांनी तो संघटित केला आणि पांडुरंग महादेव बापट त्यात उतरले. 'सेनापती' ही पदवी त्यांना येथेच मिळाली. बायाबापड्यांनी खोदकामाच्या जागी ठाण मांडले, तुरुंग भोगला. राजेंद्र व्होरा या अभ्यासकांच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथाच्या शीर्षकातच या लढ्याला जगातील पहिली धरणविरोधी चळवळ म्हटले आहे. लढा १९२४ अखेर मोडला. तो मोडण्याचे एक कारण फार बोचरे आहे. खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनी कर्जापायी सावकारांकडे गेल्या होत्या. सावकारांना मोबदला हवा होता, कसणाऱ्यांना जमीन हवी होती. चांगला भाव मिळतो आहेसे दिसताच सावकार तडजोडीकडे वळले. शेत ज्याला आई होते आणि शेत ज्याला खातेवहीतला आकडा होते, ते दोघे एका मांडवाखाली किती काळ बसणार?

इथे माझी गोष्ट सुरू होते. माझे आजोबा नगर जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावचे. दुष्काळाने गाव सुटले, मुंबईला आले आणि लालबागच्या एका गिरणीत लागले. त्या पगारावर त्यांनी पाच मुले वाढवली, माझ्या वडिलांना मॅट्रिक केले, गावच्या चर्चला एक घंटा दिली. सह्याद्रीतल्या या वीजप्रकल्पांचा मूळ हेतूच मुंबईच्या गिरण्या चालवणे हा होता. आजोबांचे माग ज्या विजेवर फिरत असत, ती या पाण्यातून आली. मी ज्या भाकरीवर वाढलो तिच्या मुळाशी कुठे तरी कुणाचा आंबेमोहर बुडालेला आहे. यात आजोबांचा दोष काय? काहीच नाही. त्यांनी मुळशी हे नावही ऐकले नसेल. दुष्काळाने हुसकावलेला एक शेतकरी धरणाने हुसकावलेल्या दुसऱ्या शेतकऱ्याच्या नुकसानीवर जगला, आणि दोघांची कधी गाठही पडली नाही.

मग प्रश्न असा की, ज्या अन्यायात आपला हात नाही, जो आपल्या जन्मापूर्वी घडून गेला, पण ज्याचे फळ आपण चाखतो आहोत, त्याच्याशी आपले नाते कोणते?

पहिले उत्तर चटकन सुचते ते हिशेबाचे. काही हजारांचे गेले, लाखोंचे झाले. शहर उजळले, रोजगार मिळाला. हे खोटे नाही. पण हा हिशेब नेहमी ज्यांचे झाले तेच मांडतात, ही त्यातली अडचण आहे. ज्याचे गेले त्याला बेरजेच्या रकान्यात उभे करून त्याची संमती गृहीत धरली जाते. दुसरे उत्तर काळाचे: शंभर वर्षे झाली, आता काय त्याचे? पण काळ वस्तू झिजवतो, हक्क झिजवत नाही. चोरलेले घड्याळ नातवाच्या हाती आले म्हणजे ते आपोआप त्याचे होते काय? आणि नसेल तर किती पिढ्यांनंतर होते? तिसरे उत्तर विरक्ताचे आहे, आणि तरुणपणी मला ते फार आवडे: अशा सौंदर्याकडे पाहूच नये. आता मला त्यात एक लपलेला अहंकार दिसतो. मी डोळे मिटले म्हणून पाणी ओसरत नाही. माझे मन तेवढे स्वच्छ राहिल्याचे समाधान मला मिळते. बुडालेल्या गावाला त्याचा काडीचा उपयोग नाही.

पवित्र शास्त्रात नाबोथच्या द्राक्षमळ्याची कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. तिच्यात एक तपशील आहे, ज्याकडे माझे लक्ष फार उशिरा गेले. अहाब राजा प्रथम जुलूम करीत नाही. तो नाबोथला याहून चांगला मळा देऊ करतो, नाही तर रोख किंमत देऊ करतो. आजच्या भाषेत, योग्य मोबदला. नाबोथ नाही म्हणतो, कारण ते वाडवडिलांचे वतन आहे. आणि कथा कुणाचाही खून होण्यापूर्वीच नाबोथच्या बाजूने उभी असते. किंमत चांगली असली तरी नाही म्हणण्याचा हक्क माणसाला आहे, हे तिने मान्य केले आहे. पुढे कारस्थान ईजबेल रचते, खोटे साक्षीदार उभे राहतात, दगड गावकरी मारतात. अहाब काय करतो? तो मळ्यात जातो, ताब्यात घ्यायला, पाहायला. आणि एलिया संदेष्टा त्याला नेमका तिथे, मळ्यातच गाठतो. मुळशीच्या काठावर सायकल आडवी टाकून बसलेल्या माणसाला ही आठवण सुखाची नव्हती.

पण याच शास्त्रात यहेज्केलच्या अठराव्या अध्यायात स्पष्ट म्हटलेले आहे की बापाच्या पापाचा भार मुलावर पडणार नाही. मग दोहोंची सांगड कशी घालावी? मी धर्मशास्त्राचा पंडित नाही. माझ्या साध्या संसारी बुद्धीला एकच वाट दिसते. पाप आणि ऋण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझे वडील वारले तेव्हा वाण्याच्या दुकानी त्यांच्या नावावर थोडी उधारी होती. ती करण्यात माझा काही अपराध नव्हता आणि मला कुणी अपराधी म्हटलेही नाही. तरीही घरातली तांदळाची कोठी आणि शिवण्याचे मशीन मी ठेवून घेतले होते, तेव्हा उधारी माझी नाही असे म्हणण्याचा निर्लज्जपणा मला करता आला नसता. वारसा नको असेल तर ऋणही नाही. पण वारसा घ्यायचा आणि ऋण तेवढे मृताच्या कबरीत पुरायचे, हे चालणार नाही. अपराधीपणाच्या भावनेने माणूस स्वतःभोवती घुटमळतो. ऋणाची जाणीव त्याला दुसऱ्याच्या दाराशी नेते. म्हणून मला ही दुसरी जाणीव अधिक निरोगी वाटते.

मात्र दाराशी जाऊन म्हणायचे काय? वाण्याची उधारी एकशे चाळीस रुपये होती, आकडा ठाऊक होता. शिवाराचा आकडा कुठला, आणि दार तरी कुणाचे?

रस्त्याकडेला चहाची एक टपरी होती. एक ऐंशीच्या घरातले बाबा बाहेर बाकावर बसले होते. टपरी त्यांच्या सुनेची. त्यांनी माझ्या सायकलकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, "पाव्हणं, हिला किती पडलं?" मी किंमत थोडी कमी करून सांगितली. त्यांच्या आजोबांची भातखाचरे पाण्याखाली होती. कुठे, ते त्यांनी हाताने दाखवले. हात पाण्यावर एका जागी स्थिर झाला, जणू तिथे दार होते. "उन्हाळ्यात पाणी उतरलं की बांधाच्या रेघा दिसत्यात," ते म्हणाले. मी काहीतरी हळहळीचे बोललो असेन; आजोबांच्या गिरणीचेही सांगितले. बाबांनी ते शांतपणे ऐकून घेतले. त्यांना माझ्या हळहळीचे फारसे अप्रूप दिसले नाही. मग त्यांनी विचारले, "तुमी ऱ्हाता कुठं?"

"तळोज्याला. नवी मुंबईत."

"ती जमीन कुणाची व्हती?"

त्यांच्या प्रश्नात टोमणा नव्हता. शेतकरी माणूस कुठल्याही गावाबद्दल पहिल्यांदा हेच विचारतो. मला उत्तर देता येईना. पंचवीस वर्षे मी तिथे राहतो.

उत्तर अगदीच ठाऊक नव्हते असे नाही. नवी मुंबई वसवण्यासाठी १९७० पासून ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी संपादित झाल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि दास्तान फाटा येथे शेतकऱ्यांवर गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले; दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. हे सारे मी वर्गात मुलांना सांगितलेले आहे. पण बाबांनी विचारले होते, कुणाची? त्यांना नाव हवे होते. मी एका तलावाच्या शोधात सव्वाशे किलोमीटर सायकल हाणत आलो होतो आणि माझे घरच एका तलावावर तरंगत होते. तिथले पाणी कोरडे आहे, एवढाच काय तो फरक.

रात्र तिथेच एका घरगुती खानावळीत काढली. झोप लागेना. कुर्डी आठवली. गोव्यात सांगे तालुक्यातले हे गाव, गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचे. साळावली धरणाने १९८० च्या दशकात ते बुडवले; सहाशेहून अधिक कुटुंबे हलवली गेली. दर मे महिन्यात पाणी उतरते आणि गाव काही आठवडे वर येते. तेव्हा जुने गावकरी परततात. हिंदू आपल्या देवळाच्या जागी उत्सव करतात, ख्रिस्ती आपल्या कपेलाच्या जागी सण साजरा करतात आणि पावसाबरोबर सारे पुन्हा पाण्याखाली जाते. इंग्लंडच्या हिमनद्यांनी कोरलेल्या सरोवरांच्या मुलखातही मँचेस्टर शहराच्या पाण्यासाठी मार्डेल नावाचे गाव बुडाले. तेथील चर्चमध्ये १९३५ साली अखेरची उपासना झाली, आणि दफनभूमीतले मृतदेह उकरून शेजारच्या शॅप गावी नेऊन पुरण्यात आले. ज्या मृतांना नेण्याइतकी काळजी घेतली गेली, त्यांना तरी नशीबवान म्हणावे. आपल्याकडच्या किती धरणांखाली किती कबरी, किती समाध्या आहेत?

तिसऱ्या दिवशी ताम्हिणी घाटातून उतरलो. उतार म्हणजे सायकलस्वाराचे स्वर्गसुख. पण ब्रेक धरून धरून बोटे बधिर होतात. खाली पाटणूसच्या अंगाला भिरा. मुळशीचे पाणी तिथे वीज देऊन मोकळे होते आणि कुंडलिकेत येते. कोलाडला तरुणांचे तांडेच्या तांडे रबरी होड्या घेऊन उभे होते; भिऱ्याहून पाणी सुटले की नदीला जोर येतो आणि तेवढ्या वेळात त्यांचे साहस उरकायचे असते. मुले आनंदाने ओरडत होती. शंभर वर्षांपूर्वीच्या एका करारावर ती तरंगत आहेत, हे त्यांना सांगावे असे मला क्षणभर वाटले. लोणावळ्याची आठवण झाली आणि गप्प राहिलो. हे कळण्याचे एक वय असते, आणि ते सांगण्याचीही एक रीत असते. मला ती त्या वेळी साधली नव्हती.

घरी आल्यावर भाच्याला सविस्तर लिहिले. त्याच्या तलावांबद्दल मी काहीच म्हटले नाही, एवढेच विचारले की सेनेका हे नाव कुणाचे? आठवड्याने उत्तर आले. या वेळी छायाचित्र एकच होते, रस्त्याकडेच्या एका फलकाचे. सेनेका हे तिथल्या मूळ रहिवाशांच्या एका राष्ट्राचे नाव. शेजारचा कायुगा तलाव दुसऱ्या राष्ट्राच्या नावाचा. १७७९ साली, अमेरिकी स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना, वॉशिंग्टनच्या आज्ञेने जनरल सलिव्हनचे सैन्य या खोऱ्यांत शिरले. त्याने चाळीसहून अधिक गावे जाळली, उभी मक्याची पिके आणि फळबागा तोडल्या. सेनेका तलावाच्या उत्तर टोकाशी कानादेसागा हे त्या लोकांचे मोठे गाव होते. भाचा दर शनिवारी तिथेच थांबून पाणी पीत असे. त्याने खाली लिहिले होते, "तळे देवाने खोदले, मामा, पण काठ कुणी मोकळा केला ते मी विचारले नव्हते. आता शनिवारी जावे की नाही?" मी लिहिले, जा, आणि त्या गावाचे नाव नीट उच्चारायला कुणाकडून तरी शीक.

हा सल्ला दुसऱ्याला देणे सोपे होते. आमच्या वसाहतीच्या कोपऱ्यावर एक आगरी गृहस्थ सकाळी मासळी विकणाऱ्या आपल्या पत्नीला टोपली उतरवून द्यायला येतात. गेली कित्येक वर्षे आमचा संबंध बोंबलाच्या भावापुरता. एका सकाळी मी त्यांना बाबांचा प्रश्न विचारला. ते प्रथम हसले; इतक्या वर्षांत कुणी हे विचारले नव्हते म्हणाले. मग माझ्याबरोबर आवारात आले. पाण्याच्या टाकीपाशी त्यांच्या चुलत्याचे खाचर होते, लिफ्टच्या खड्ड्याच्या जागी उन्हाळी वाल पेरीत. खाचरांच्या मालकांची नावे त्यांनी एकामागून एक सांगितली. मी ती भाजीच्या पिशवीवर लिहून घेतली. चालता चालता ते कडेच्या जांभळापाशी थांबले आणि बुंध्यावर तळहात ठेवला. झाड त्यांच्या आजीने बांधावर लावलेले. जमीन गेली तेव्हा मोबदल्याच्या कागदावर झाडाची नोंद राहून गेली होती, त्याचे पैसे कुणालाच मिळाले नाहीत. "म्हणून ते अजून आमचंच, सर," ते विनोदाने म्हणाले.

संध्याकाळी मी सेक्रेटरींकडे गेलो. अर्जावर तोवर एकेचाळीस सह्या झाल्या होत्या. माझी खोडायची आहे म्हटल्यावर ते बुचकळ्यात पडले. गाडी नाही तर तुम्हाला अडचण कसली, असे त्यांनी विचारले. मी झाडाची हकीगत सांगितली. ते ऐकून घेत होते, पण त्यांच्या मागे भिंतीवर पार्किंगचा आखलेला नकाशा टांगलेला होता आणि त्यांची नजर अधूनमधून तिकडे जात होती. शेवटी त्यांनी कागद पुढे केला आणि पेनही दिले. सर्वसाधारण सभा येत्या रविवारी, मिस्सानंतर अकरा वाजता आहे. त्या गृहस्थांना मी सभेला येण्याची विनंती केली आहे. ते सभासद नाहीत, त्यामुळे त्यांना बोलता येईल की नाही यावर सध्या वाद चालू आहे.